‘माकडांना दोन केळी द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘जंगलात खायला काही उरलं नाही. जाता-येता माकडांना दोन केळी द्या. पोट भरलं की ती अंगावर येत नाहीत, शेतातही शिरत नाहीत.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. पाठवणाऱ्यांच्या भूतदयेबद्दल शंका नाही. शंका आहे ती मजकुराबद्दल.

जंगलं घटली, हे खरंच. पण माकडं काही फळांवरच जगत नाहीत. कोवळी पालवी, कळ्या, बिया, किडे, सगळं चालतं त्यांना. रस्त्याकडेला टोळी ठाण मांडून बसते ती बहुतेक वेळा उपासमारीने नव्हे. दिवसभर वणवण करून जे मिळायचं ते इथे बसल्या जागी मिळतं, म्हणून. एरवी माकड गालाच्या थैल्यांत फळं कोंबतं आणि बिया लांब कुठेतरी थुंकतं. तेच रस्त्यावर बसून राहिलं, की बिया डांबरावर पडतात. गाड्यांखाली येतात ती माकडं वेगळीच.

केळ्यांचं म्हणाल, तर लागवडीच्या फळांत रानफळांपेक्षा साखर जास्त आणि चोथा कमी. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने याच कारणाने २०१४ साली माकडांची केळी बंद केली. वानराची गोष्ट तर आणखी वेगळी: त्याच्या पोटात पानं आंबवून पचवणारे जिवाणू असतात. गोड आणि पिठूळ खाण्याने तिथला सगळा तोल बिघडतो.

‘पोट भरलं की अंगावर येत नाहीत’ हे मात्र सर्वांत घातक वाक्य. जंगलातलं खाणं विखुरलेलं असतं. तुम्ही ते एका जागी ओतता. मग दांडगे खातात आणि दुबळे चावे खातात. माणूस दचकून हातातलं टाकतो तेव्हा माकड एकच धडा घेतं, दटावलं की मिळतं. तो धडा पुढे भोगतो पिशवी घेऊन चाललेला दुसराच कुणीतरी, बऱ्याचदा लहान मूल. फोटोसाठी केळं पुढे करायचं, मग मागे घ्यायचं, वर डोळ्यांत डोळे घालून बघायचं! अशी टक लावणं म्हणजे माकडाच्या लेखी आव्हान. त्याने दात दाखवले की लोक म्हणतात, ‘बघ, हसतंय.’ ते घाबरलेलं असतं किंवा धमकावत असतं. हसत नक्कीच नसतं.

चावलं, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. रेबीजचा धोका असतोच. काही जातींच्या माकडांत ‘बी’ विषाणूही असतो. माणसाला तो क्वचितच होतो, पण उपचार झाले नाहीत तर बहुतेकदा जीव घेतो.

आता शेताचं. जपानमधल्या ताकासाकियामा डोंगरावर हा प्रयोग झालेला आहे. माकडांनी पिकं सोडावीत म्हणून १९५०च्या दशकात त्यांना डोंगरावरच खाऊ घालायला सुरुवात झाली. सुरुवातीला दोनशेच्या आसपास असलेली माकडं १९७०चं दशक संपेपर्यंत दोन हजारांवर गेली. आयतं खाणं मिळालं की माद्या लवकर वितात, पिल्लं जास्त जगतात, आणि ती सगळी पोटं आसपासच्या परिसरावर येतात. शेवटी तिथेही खाणं कमी करावं लागलं.

‘मग काय उपाशी मारायचं?’ हा प्रश्न येणारच. थायलंडच्या लोपबुरीत २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक आटले आणि त्यांच्या खाऊवर पोसलेल्या शेकडो माकडांची भररस्त्यात मारामारी जुंपली. आपल्या भरवशावर बसवलेली माकडं अशीच उपाशी राहतात. जखमी किंवा आजारी माकड दिसलं, तर मात्र वनखात्याला कळवा.