जाडोव्हिलचे आयरिश सैनिक धारातीर्थी पडले नव्हते

'द सीज ऑफ जाडोव्हिल' या 2016 च्या चित्रपटाबरोबर एक संदेश फिरतो आहे: काँगोतल्या जाडोव्हिल गावात वेढ्यात सापडलेले संयुक्त राष्ट्रांचे दीडशे आयरिश शांतिसैनिक शेवटच्या गोळीपर्यंत लढले आणि सगळे धारातीर्थी पडले. यातला दुसरा भाग साफ चुकीचा आहे. लढाईत त्यांच्यापैकी एकही मेला नाही.

सप्टेंबर 1961 मध्ये कमांडंट पॅट क्विनलन यांच्या तुकडीवर कटंगाच्या (काँगोतून फुटून निघालेल्या प्रांताच्या) सैन्याने आणि भाडोत्री सैनिकांनी हल्ला चढवला. शत्रू कितीतरी पट मोठा, आणि आयरिशांकडे बहुतेक हलकी शस्त्रं. पण क्विनलननी आधीच खंदक खणून घेतले होते. माणसं वाचली ती या दूरदृष्टीमुळे. मदतीला निघालेली कुमक लुफिरा पुलावरच अडवली गेली. पाचव्या दिवशी दारूगोळा आणि पाणी संपल्यावर त्यांनी शरणागती पत्करली. सुमारे महिनाभर कैदेत राहून सगळे सुटले.

खरा अन्याय पुढे झाला. शरण आले म्हणून मायदेशात त्यांना कित्येक वर्षं टोमणे ऐकावे लागले. सामूहिक गौरव झाला तो थेट 2016 मध्ये. क्विनलन 1997 मध्येच वारले होते. सगळ्यांना हुतात्मा ठरवलं की हा अपमानही पुसला जातो, म्हणून ही दुरुस्ती महत्त्वाची.

कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया याच वेढ्यात शहीद झाले, असंही काहीजण जोडतात. तेही बरोबर नाही. गोरखा रायफल्सच्या सलारियांना वीरमरण आलं 5 डिसेंबर 1961 रोजी, कटंगाची राजधानी एलिझाबेथव्हिलमध्ये. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.