डिस्क एन्क्रिप्टेड असली तरी मायग्रेशन उघडं ठेवू नका

लातूरला एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "मामा, असं करून टाकू का?" मेसेजचं म्हणणं असं: व्हीएमची (सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशिनची) डिस्क एन्क्रिप्टेड (चावीशिवाय वाचता न येणारी) असेल तर लाइव्ह मायग्रेशनला (चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याला) वेगळं एन्क्रिप्शन कशाला, प्रॉक्समॉक्समध्ये (व्हीएम चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) मायग्रेशनची सेटिंग सरळ 'इनसिक्युअर' करा, एन्क्रिप्शनमुळे मायग्रेशन रखडतं, आणि मेमरी एन्क्रिप्टेड असलेली व्हीएम चालू असताना हलवताच येत नाही.

पहिला सल्ला वाचून डोकंच फिरलं. लाइव्ह मायग्रेशनमध्ये हलते ती रॅम. शेअर्ड स्टोरेज असेल तर डिस्क जागची हलतही नाही. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, लक्सने (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनने) डिस्क उघडली असेल, तर तिची चावी त्याच रॅममध्ये असते; शेजारी खातेदारांच्या नोंदी आणि पासवर्ड. हे सगळं उघड्या तारेवरून पाठवायचं? आणि धोका नुसता वाचण्याचा नाही. 2008 साली मिशिगन विद्यापीठाच्या जॉन ओबरहाइड आणि सहकाऱ्यांनी मायग्रेशन चालू असतानाच, मधल्या वाटेवर, एसएसएच (दुरून लॉगिन करण्याच्या) सर्व्हरची मेमरी बदलून लॉगिनची तपासणी बाद करून दाखवली. पलीकडच्या होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर) पोचलं ते फितूर झालेलं मशिन. 'इनसिक्युअर' केलं की रॅम उघडी जाते, पासवर्ड आणि चाव्या फुटू शकतात, हे प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय. तेवढं पान तरी वाचायचं होतं!

वेगाचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. 10 गिगाबिट किंवा त्याहून वेगवान नेटवर्कवर एन्क्रिप्शनचा भार जाणवतो. पण आजचे प्रोसेसर एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत हार्डवेअरमध्येच चालवतात. रखडण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं: तार मेमरीची जितकी पानं (छोटे तुकडे) नेते, त्याहून जास्त पानं गेस्ट बदलत राहतो. ऐन डे-एंडला (दिवसाचा हिशेब बंद करताना) व्हीएम हलवायला घेतली तर दुसरं काय होणार?

मेमरी एन्क्रिप्टेड असलेली व्हीएम हलवता येत नाही, हेही सरसकट खरं नाही. एएमडीच्या एसईव्हीमध्ये (प्रोसेसरनेच व्हीएमची मेमरी एन्क्रिप्ट करण्याच्या तंत्रात) अशी व्हीएम पाठवण्या-घेण्याच्या आज्ञा आहेत, आणि ही व्हीएम बाहेर पाठवायचीच नाही असं गेस्टच्या पॉलिसीत बजावताही येतं. इंटेलने आपल्या तशाच तंत्रात, टीडीएक्स 1.5 मध्ये, ही सोय दिली. तुमच्या हायपरव्हायजरमध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती आलीय का, तेवढं मात्र तपासा.

सवलत द्यायचीच तर व्हीएम पाहून द्या, सगळ्यांना एकच बटण नको. व्हीएमवेअर कंपनीने आपल्या व्हीस्फिअर 6.5 पासून प्रत्येक व्हीएमला मायग्रेशन एन्क्रिप्शनचे तीन पर्याय दिले. पण एन्क्रिप्टेड व्हीएमचं मायग्रेशन एन्क्रिप्टेडच होतं, ते बंद करताच येत नाही. मधला 'ऑपॉर्च्युनिस्टिक' ('जमलं तर एन्क्रिप्ट कर') पर्याय फसवा आहे: पलीकडच्या होस्टला जमत नसेल तर डेटा गुपचूप उघडा जातो. खातेदारांचा डेटा असेल तिथे मायग्रेशन फेल झालेलं परवडलं.

भाच्याला सांगितलंय, डेटासेंटरची सेटिंग 'सिक्युअर'च ठेव, मायग्रेशनला वेगळं नेटवर्क दे आणि काम डे-एंडनंतर कर. टेस्टिंगच्या व्हीएमला घाई असेल तर फक्त त्या वेळेपुरता कमांडमध्ये मायग्रेशनचा टाइप बदल.