‘न्यूट्रलला करंट नसतो’ : पाइपातल्या वायरचा चुकीचा हिशेब

वायरिंगवाल्यांत एक सल्ला सारखा फिरतो : "न्यूट्रलचा शॉक बसत नाही, म्हणजे त्यात करंट नाही. पाइपातल्या वायरची जाडी ठरवताना फक्त फेज मोजा. तीन सर्किटना एकच न्यूट्रल पुरतो, तोही एक साइझ बारीक."

"शॉक नाही, म्हणजे करंट नाही." शॉक बसत नाही, कारण अर्थच्या तुलनेत न्यूट्रलवर व्होल्टेज जवळपास शून्य असतं. (हात लावून बघू नका, न्यूट्रल सप्लायच्या बाजूला तुटला असेल तर लोडमधून त्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.) सिंगल फेजवर ३ किलोवॉटचा गीझर फेजमधून १३ अँपिअर घेतो आणि तेवढेच न्यूट्रलमधून परत पाठवतो. दोन्ही वायरी सारख्याच तापतात.

"फक्त फेज मोजा." खरं नुकसान इथे होतं. अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) तीन सिंगल फेज सर्किटचे तीन फेज म्हणजे ‘तीनच वायरी’ धरल्या, तर आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकाच्या तक्त्यात तांब्याच्या पीव्हीसी वायरला पाइपात ३० अंशांना २१ अँपिअर मिळतात. ४० अंशांसाठी ०.८७ ने गुणलं की १८.३. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) बिनधास्त!

आता खरा हिशेब. एका सर्किटच्या दोन वायरींना २४ अँपिअर. हा आकडाच न्यूट्रल धरून दिलेला आहे. एका पाइपात तीन सर्किट, तिन्हीवर पूर्ण लोड, म्हणून ०.७० ने गुणायचं. वर ४० अंशांचे ०.८७. उरले १४.६. एमसीबी १६ ला गप्प बसतो आणि इन्सुलेशन आतल्या आत भाजत राहतं. इथे चार एमएम हवी (१९.५), नाहीतर वेगळा पाइप.

"तीन सर्किटना एकच न्यूट्रल." तिन्ही एकाच फेजवर असतील, तर १०+१०+१०, म्हणजे न्यूट्रलमधून ३० अँपिअर. एकही एमसीबी पडणार नाही. इन्व्हर्टरसाठी नवा फेज ओढून जुन्याच न्यूट्रलला जोडतात, तिथेही हेच.

"थ्री फेजला तरी न्यूट्रल सोडता येतो." अर्धं खरं. लोड समतोल असेल, हीटरसारखा, तर तो मोजायची गरज नाही. पण आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर आणि वाय वर १०-१०, बी बंद, की न्यूट्रलमध्येही १०. एलईडी आणि कॉम्प्युटरचा लोड असला तर तिन्ही फेजचे १५० हर्ट्झचे करंट एकमेकांना रद्द करत नाहीत, न्यूट्रलमध्ये बेरीज होते. फेजला २० अँपिअर आणि तिसरं हार्मोनिक (५० हर्ट्झच्या तिप्पट, म्हणजे हाच १५० हर्ट्झचा करंट) ४०% धरा : न्यूट्रलमध्ये २० × ०.४ × ३ = २४. तक्त्याप्रमाणे २४ भागिले ०.८६ (चौथी वायरही तापते म्हणून), मग ४० अंशांसाठी भागिले ०.८७, म्हणजे ३२. चार एमएमची वायर २८ अँपिअरचीच. सहा एमएम लागेल, चारही वायरींना.

"एक साइझ बारीक." सिंगल फेजला कधीच नाही. थ्री फेजलाही तांब्याच्या १६ एमएमपर्यंत न्यूट्रल फेजएवढाच.

अर्थची वायर मात्र तापण्याच्या हिशेबात येत नाही, पाइपात जागा अडवते तेवढीच. शंका असेल तर पूर्ण लोडवर न्यूट्रलला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे कुठल्याही आकाराच्या करंटचं खरं मूल्य दाखवणारा हवा. साधा मीटर एलईडीच्या वेड्यावाकड्या करंटला कमी दाखवतो.