दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी

सर्वप्रथम अभिनंदन! सर्वोच्च नेत्यानं तुमच्या खांद्यावर हात ठेवला, सभागृहात टाळ्या पडल्या आणि उद्यापासून तुम्ही चीनमधले क्रमांक दोनचे गृहस्थ. पेढे वाटायला हरकत नाही. फक्त कुणाला आधी दिला आणि कुणाला नंतर, याची नोंद ठेवा. पुढेमागे चौकशीत विचारतील. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या खुर्चीत किंवा तिच्या आसपास बरीच कर्तबगार मंडळी बसून गेली. त्यांच्या अनुभवाचा फायदा तुम्हाला व्हावा, म्हणून हा प्रपंच. त्यांना स्वतःला तो फारसा झाला नाही.

सुरुवात निवडणुकीपासून करू. ती जिंकू नका. १९११ च्या क्रांतीनं राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि सुंग जिआओ-रेन नावाच्या तिशीतल्या तरुणानं ते मनावर घेतलं. राष्ट्राध्यक्षाला संसदेचा लगाम हवा, असं तो गावोगाव सभांतून बोलत हिंडला. लोकांनीही भाबडेपणानं त्याच्या क्वोमिन्तांग पक्षाला सर्वाधिक जागा दिल्या. पंतप्रधानपद जवळपास खिशात होतं. २० मार्च १९१३ च्या रात्री पेकिंगला निघालेला असताना शांघायच्या स्टेशनावर त्याला गोळी घातली. मरणाच्या दारात पडल्या पडल्या त्यानं राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईला तार लिहून घ्यायला लावली, की जनतेच्या हक्कांचं रक्षण करा. पुढे तपासाचे धागे युआनच्याच पंतप्रधानाच्या कचेरीपर्यंत पोचले आणि तिथे तपासाला विश्रांतीची गरज भासू लागली.

युआनला मग सम्राट व्हावंसं वाटलं. लोकेच्छेशिवाय असलं काही करणं त्याला पटणारं नव्हतं, म्हणून १९१५ मध्ये प्रतिनिधींचं मतदान घेतलं. राजेशाहीच्या बाजूनं १,९९३. विरोधात शून्य. या वेळी क्रमांक दोन म्हणजे घरचाच थोरला मुलगा, भावी युवराज. वडिलांना वाईट बातम्यांचा त्रास होऊ नये म्हणून त्यानं एका वर्तमानपत्राचा खोटा अंक खास त्यांच्यासाठी छापून घ्यायला सुरुवात केली. त्यात सारा देश राज्याभिषेकासाठी आसुसलेला असे. युआनच्या मुलीनं आठवणींत लिहिलंय की बाजारातून आणलेल्या खाऊच्या पुडीचा कागद खऱ्या अंकाचा निघाला, तेव्हा कुठे घरात हा प्रकार उघडकीला आला. तोवर प्रांतामागून प्रांत बंड करून उठले होते. मार्च १९१६ मध्ये सम्राटपद सोडलं, जूनमध्ये प्राण. तुमच्यासाठी यातला धडा साधा आहे: खोटा अंक छापायचाच असेल तर दाणे-फुटाणेवाल्याकडेही तोच पोचेल अशी व्यवस्था करा. पुढच्या मंडळींनी ती पुष्कळ सुधारली.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं निरनिराळ्या सेनापतींमध्ये क्रमांक एक कोण, हेच ठरेना. त्यामुळे क्रमांक दोनचे दिवस तसे बरे गेले. सोडून देऊ.

आता विमानप्रवास. टाळाच. शेवटी क्वोमिन्तांगचा सेनापती चँग कै-शेक क्रमांक एक झाला. त्याच्या पदरी मांचुरियाचा तरुण सेनापती चांग श्वे-लिआंग होता. जपाननं त्याचा मुलूख गिळलेला, आणि चँगचं म्हणणं असं, की आधी कम्युनिस्टांना निपटू, जपानचं मग बघू. चांगनं समजावून पाहिलं, विनवून पाहिलं. शेवटी १२ डिसेंबर १९३६ च्या पहाटे शिआनजवळ त्यानं आपल्या साहेबालाच धरलं. साहेब रात्रीच्या कपड्यांत, कवळी खोलीतच टाकून, भिंत ओलांडून डोंगरात लपले होते. यादवी थांबवण्याचं तोंडी कबूल करवून दोन आठवड्यांनी त्यांना सोडलं. इथवर सगळं ठीक होतं. पण चांग पडला सज्जन. साहेबांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून पोचवायला तोही विमानानं निघाला. लष्करी न्यायालयानं त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली, चँगनं उदार मनानं ती माफ केली आणि माफ झालेल्या या माणसाला पुढची पन्नासहून अधिक वर्षं पहाऱ्यात ठेवलं. यादवी हरून चँग १९४९ मध्ये तैवानला पळाला. कैदी तीन वर्षं आधीच तिकडे रवाना झाला होता. सामानाची इतकी काटेकोर आखणी त्या सरकारनं दुसऱ्या कशाची केली असेल तर शप्पथ. चँग १९७५ मध्ये गेला, मागून गादीवर आलेला मुलगा १९८८ मध्ये, आणि मग चांगला मोकळी हवा मिळाली. २००१ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, होनोलुलूत तो वारला. कैदेनं आयुष्य वाढतं असा निष्कर्ष मात्र यातून काढू नका. शिआनच्या कटातला त्याचा जोडीदार यांग हु-चेंग याला १९४९ मध्ये, कम्युनिस्ट चुंगकिंगला पोचायच्या आत, तुरुंगातून काढून ठार मारलं. बरोबर मुलांनाही.

यादवी संपली, क्रांती झाली, सगळं बदललं. लुशानचा बंगला तेवढा तोच राहिला. लुशान म्हणजे जिआंग्शी प्रांतातलं थंड हवेचं ठिकाण, आपल्या महाबळेश्वरासारखं: धुकं, गोऱ्या लोकांनी बांधलेले बंगले, निवांत रस्ते. तिथे चँग कै-शेक आणि त्याच्या पत्नीचा उन्हाळी बंगला होता. लाखो माणसं मारून आणि मरून झाल्यावर १९५९ च्या उन्हाळ्यात त्याच बंगल्यात माओ त्से-तुंग उतरला. तर लुशानचं निमंत्रण आलं की ताबडतोब आजारी पडा. का, ते सांगतो.

आदल्या वर्षी 'मोठी झेप' सुरू झाली होती. गावोगाव कम्यून, अंगणाअंगणांत लोखंड वितळवायच्या भट्ट्या, आणि पिकांचे असे आकडे की जमिनीलाच संकोच वाटावा. सप्टेंबर १९५८ मध्ये पक्षाच्या मुखपत्रानं छापलं, की ग्वांग्शीतल्या ह्वानजिआंगमध्ये एका मू जमिनीत, म्हणजे एकराच्या साधारण सहाव्या हिश्श्यात, १,३०,४३४ जिन भात झालं. जिन म्हणजे अर्धा किलो. शिवाय वर दहा लिआंग आणि चार चिएन. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर पासष्ट टनांवर तोळे-मासेसुद्धा सोडले नाहीत. थाप मारायचीच तर अशी मारावी. नुसतं 'सव्वा लाख' म्हटलं असतं तर एखाद्याला शंका आली असती. कितीतरी शेतांतलं तयार पीक उपटून एका तुकड्यात दाटीवाटीनं उभं केलं होतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. सरकारी वसुली मात्र छापलेल्या आकड्यांच्या हिशेबानं झाली, आणि शेतकऱ्याचं खरं धान्य खोट्या आकड्याची भरपाई करायला निघून गेलं.

संरक्षणमंत्री पेंग देहुआई हा शेतकऱ्याच्या पोटचा, कोरियात अमेरिकेशी लढलेला, जरा फटकळ माणूस. गावाकडे जाऊन आला, भट्ट्या पाहिल्या, उभी पिकं पाहिली आणि लुशानला १४ जुलैला त्यानं माओला एक खाजगी पत्र लिहिलं. सुरुवात रीतीप्रमाणे यशाच्या कौतुकानं, मग हळूच अतिउत्साहाबद्दल दोन शब्द. दोन दिवसांत ते पत्र छापून साऱ्या बैठकीत वाटलेलं होतं. खाजगी पत्राला इतका वाचकवर्ग क्वचितच लाभतो. पेंगचं मंत्रिपद गेलं, पुढे सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ पासून माओनं आपल्याच पक्षातल्या नेत्यांवर तरुण पोरं सोडली त्या धुमाळीत, त्याच्या बरगड्या मोडल्या आणि १९७४ मध्ये तो कैदेतच मेला.

बैठक खरं तर झेप आवरायला बोलावली होती. पेंगच्या पत्रानंतर ती आवरणं म्हणजे पेंग बरोबर होता असं म्हणणं, आणि ते कोण म्हणणार? झेप आणखी उंच गेली. कमी आकडा कळवणारा प्रत्येक जण 'उजवा' ठरायला लागला, म्हणून कमी आकडा येणं बंद झालं. १९५९ मध्ये चीननं चाळीस लाख टनांवर धान्य निर्यात केलं. हनान प्रांतातल्या एकट्या शिनयांग विभागात सुमारे दहा लाख माणसं मेली, सरकारी कोठारांत धान्य असताना. देशभरच्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. खुर्चीवर बसल्यावर हे आकडे तुमच्या कानावर येतील. त्यांना तोळे-मासे नसतात, मोजायला कुणी बसलंच नव्हतं.

त्या वेळी क्रमांक दोनवर होता लिऊ शाओ-ची, नुकताच राष्ट्राध्यक्ष झालेला. लुशानला त्यानं माओची बाजू घेतली, म्हणजे तुमच्या दृष्टीनं योग्य तेच केलं. मग १९६१ मध्ये तो आपल्या मुलखात, हुनानला गेला आणि घोटाळा झाला. त्यानं डोळे उघडे ठेवले. १९६२ च्या मोठ्या अधिवेशनात बोलून गेला, की तिथले शेतकरी म्हणतात, संकट तीन आणे आस्मानी नि सात आणे सुलतानी. (मूळ हिशेब दहातला आहे, दहा आण्यांचा रुपया समजून घ्यावा.) माणसं माणसांना खाताहेत, इतिहासात तुमचं आणि माझं नाव लागेल, असंही तो माओला म्हणाल्याचं त्याच्या घरचे सांगतात. 'तुमचं आणि माझं'! नुसतं 'माझं' म्हणाला असता तर कदाचित निभावलं असतं.

१९६७ मध्ये राहत्या आवारातच त्याची जाहीर विटंबना झाली, तेव्हा त्यानं देशाच्या राज्यघटनेची प्रत हातात धरून दाखवली: मी या देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे, मला घटनेचं संरक्षण आहे. घटना खिशात बाळगणं चांगलंच. थंडीत कागदानं ऊब येते. नोव्हेंबर १९६९ मध्ये कायफंगच्या एका थंडगार इमारतीत उपचारांवाचून तो मेला. दहनाच्या कागदावर नाव खोटं घातलं, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं: बेकार. पत्नी तुरुंगात होती, तिला आणि मुलांना हे कळायला आणखी तीन वर्षं लागली. १९८० मध्ये पक्षानं त्याला निर्दोष ठरवून इतमामानं श्रद्धांजली वाहिली. तेव्हा एक बरासा फोटो आधीच काढून ठेवा, कार्यक्रमाला लागतो.

तुम्ही म्हणाल, हे दोघे बोलले म्हणून बुडाले. आपण बोलणारच नाही. हा प्रयोग लिन बियाओनं करून पाहिला. माओ जे म्हणेल त्यावर मम म्हणायचं, माओवचनांचं लाल पुस्तक हलवायचं, त्याला प्रस्तावना लिहायची. बक्षीस म्हणून एप्रिल १९६९ मध्ये पक्षाच्या घटनेतच त्याचं नाव घातलं: अध्यक्ष माओंचा निकटचा सहकारी आणि वारसदार. पुढच्या वर्षी पुन्हा बैठक भरली. कुठे? लुशानला. लिननं आग्रह धरला की राष्ट्राध्यक्षपद ठेवावं आणि ते माओनं स्वीकारावं. यात वावगं काय, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. माओला त्यात असं दिसलं, की मी नको म्हणालो तर हे पद कुणासाठी ठेवताय? वर्षभरानं, १३ सप्टेंबर १९७१ ला, लिन, त्याची पत्नी आणि मुलगा यांना घेऊन निघालेलं विमान मंगोलियात कोसळलं. अधिकृत हकिगत अशी, की माओला मारण्याचा कट फसला आणि ते रशियाकडे पळत होते. विमानाचं मी वर सांगितलंच होतं. मग लोकांना लाल पुस्तकातली प्रस्तावना फाडून टाकावी लागली. अत्यंत काळजीपूर्वक, कारण उरलेलं पुस्तक फाटलं तर तो वेगळा गुन्हा.

चाऊ एन-लायचा मार्ग मात्र अभ्यासण्यासारखा आहे. तो वर्षानुवर्षं क्रमांक तीनवर बसला. वरच्या जागा रिकाम्या होत, भरत, पुन्हा रिकाम्या होत. हा आपला तीनवर. त्याची मानलेली मुलगी सुन वेईशी १९६८ मध्ये कोठडीत मेली, तेव्हाही तो पंतप्रधान होता आणि कामावर होता. लिन मेल्यावर नाइलाजानं त्याला दोनवर सरकावं लागलं. १९७२ मध्ये मूत्राशयाचा कर्करोग निघाला, तर वरून सूचना आली: रुग्णाला सांगू नका, पुढच्या तपासण्या नकोत, शस्त्रक्रिया नको. शस्त्रक्रिया पुढे झाली, उशिरा. दरम्यान देशभर कन्फ्युशियसविरुद्ध मोहीम निघाली, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो कन्फ्युशियस वर्णनावरून हुबेहूब चाऊसारखा दिसू लागला.

ह्वा ग्वोफेंगकडे निदान लेखी पुरावा होता. १९७६ मध्ये माओनं थरथरत्या हातानं लिहून दिलं: काम तू पाहतोस, मी निर्धास्त आहे. तेवढ्या चिठ्ठीवर त्यानं पाच वर्षं काढली, केसही माओसारखे मागे वळवले. मग तंग श्याओ-फिंगनं त्याला अलगद बाजूला केलं. तो म्हातारा होऊन अंथरुणात मेला, त्याअर्थी विस्मरणात जाणं हा या खुर्चीतला सर्वोत्तम निकाल मानायला हवा.

फोटोविषयीही सांगायला हवं. १९ मे १९८९ च्या पहाटे पक्षाचा सरचिटणीस झाओ झियांग तिआनआनमेन चौकात उपोषणाला बसलेल्या विद्यार्थ्यांपुढे कर्णा घेऊन उभा राहिला: 'आम्ही फार उशिरा आलो.' त्यानंतर तो जाहीरपणे कधीच दिसला नाही. २००५ मध्ये मरेपर्यंत बीजिंगमधल्या एका वाड्यात नजरकैदेत होता. पोरांच्या गाण्यांच्या आणि पेकिंग ऑपेराच्या कॅसेटांवर गुपचूप आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करत असे. त्या पहाटेच्या फोटोत त्याच्या मागे एक माणूस गप्प उभा आहे. तो वेन जियाबाओ. २००३ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि दहा वर्षं राहिला. कर्णा हातात येतोय असं वाटलं, की हात पाठीमागे बांधा.

अलीकडे या पदाच्या अटी बऱ्याच सुधारल्यात. मार्च २०१८ मध्ये राज्यघटनेतून दोन कारकिर्दींची मर्यादा काढून टाकली. बाजूनं २,९५८, विरोधात २. युआनच्या काळाशी तुलना करता विरोधात दोनाची वाढ, याला प्रगती म्हणायला प्रत्यवाय नसावा. शी जिनपिंग यांच्या मागून कोण, हा प्रश्न जाहीरपणे कुणी विचारत नाही, आणि ज्याच्याकडे लोक अंदाजानं पाहू लागतील तो आधीच दुसरीकडे पाहू लागतो. पण ती घटनादुरुस्ती बारकाईनं वाचलीत तर एक सुखद गोष्ट दिसेल: मर्यादा राष्ट्राध्यक्षाबरोबर उपराष्ट्राध्यक्षाचीही उठली आहे. म्हणजे आता तुम्हालाही कायद्यानं तहहयात बसता येतं. या सवलतीचा पहिला मानकरी वांग चीशान. तो आठवड्याभरातच निवडून आला आणि मार्च २०२३ मध्ये, बरोबर पाच वर्षांनी, त्याच्या जागी हान झेंग आला.