काका, घर काट्यावर कशाला चढवायचं ते सांगते

काका नमस्कार. आम्ही ट्रॅव्हलर मिनीबसचं मोटरहोम, म्हणजे फिरतं घर, बनवलं आणि असं घर भरून वजनकाट्यावर तोलावं असं मी लेखात लिहिलं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. इंदूरच्या देवास नाक्यावर तीस वर्षं ट्रान्सपोर्ट केलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना. तुमचं म्हणणं असं की सतरा माणसं ओढणारी ट्रॅव्हलर, त्यात चार जण आणि थोडं सामान, तिथे कसलं आलंय ओव्हरलोड. शिवाय एमपीतले आरटीओ बॅरियर 1 जुलै 2024 पासून बंद झालेत, मोटरहोमला तोलणार कोण. आणि माझा लेख वाचून गाडी बनवायला निघालेला तुमचा भाचा उगाच घाबरून बसलाय.

आधी सतरा माणसांचं बघू, कारण आम्हीही हाच हिशोब केला होता. माणशी 65 किलो धरले तर 1,105 किलो होतात, वरून सीटा काढल्या त्यांचंही वजन गेलं, म्हणजे भरपूर जागा आहे असं वाटतं. पण मग आत काय गेलं ते बघा ना. 18 एमएम प्लायची 8 बाय 4 ची एक शीट साधारण 35 किलोची, आमच्याकडे पलंग, ओटा, कपाटं मिळून 11 लागल्या, म्हणजे 385 किलो फक्त प्लाय, सनमायका आणि बिजागऱ्या वेगळ्या. 150 एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या पाणी धरून 110 किलो. फ्रीज, एसी, टॉयलेट, टाक्या, खिडक्यांच्या काचा. आणि माणसं चहाला उतरतात काका, प्लाय उतरत नाही, गाडी घरासमोर उभी असली तरी पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबलेलेच.

आरसीवर आमचं ग्रॉस वजन, म्हणजे माणसं-सामानासकट चालणारं जास्तीत जास्त वजन, 4,000 किलो आहे. काम पूर्ण झाल्यावर डिझेल फुल करून रिकामी गाडी तोलली तर 3,310. म्हणजे उरले 690. त्यात आम्ही चौघं 260, पाण्याची टाकी 150 लिटर म्हणजे 150 किलो, पाच किलोवाले दोन सिलेंडर टाकीसकट 24, मागच्या रॅकवर दोन सायकली आणि जनरेटर मिळून 95. इतक्यात 161 किलो उरले, आणि गाद्या, भांडी, धान्य, कपडे, हत्यारं, मुलांची पुस्तकं हे सगळं तर अजून चढायचंच होतं. महेश्वरला निघताना आम्ही काही तोललं नाही. परत आल्यावर तसंच सगळं भरून काट्यावर नेली, 4,180 निघाले. पुढच्या ऍक्सलवर, म्हणजे पुढच्या चाकांवर, 1,390, मागच्यावर 2,790.

परत आल्यावर का नेली, तेही सांगते. महेश्वरच्या वाटेवरचा गणपती घाट तुम्हाला मी काय सांगणार, तिथे ट्रकांचं काय होतं ते तुम्ही जास्त बघितलंय. मी चालवत होते, गियर वरचा होता, ती चूक माझीच, पण अर्ध्या उतारावर जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. मागे मुलं पत्ते खेळत होती. गियर टाकत टाकत कडेला घेतली, नवऱ्याने चाकाजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला, इतकी धग होती. पाऊण तास तिथे उभे होतो. तेव्हापासून कोण तोलतंय हा प्रश्न माझ्या मनात येत नाही, घाट तोलतोच.

कायद्याचंही सांगून टाकते. मोटर वाहन कायद्याचं कलम 113 आरसीवरच्या ग्रॉस वजनाच्या वर गाडी चालवू देत नाही, आणि कलम 194 मधे 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला 2,000, आणि जास्तीचं सामान उतरवूनच गाडी पुढे सोडायची. तोलायला नकार दिला तर 40,000. बॅरियर गेले, कलम गेलं नाही.

टायर हे वजन उचलतात हे मात्र तुमचं खरं आहे, ते मी लेखात नीट लिहिलं नव्हतं. टायरवर 107/105 लिहिलेलं असतं ते वजन पेलण्याचे कोड, त्यातला दुसरा आकडा जोडटायरसाठी (मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात ते), 105 म्हणजे 925 किलो, चार टायर म्हणजे 3,700, हवा बरोबर असेल तर टायर 2,790 आरामात उचलतात. पण ब्रेक, पाटे आणि चॅसी 4,000 धरून बनवलेत, टायर तगडा घातला म्हणून ते बदलत नाहीत.

आणि रॅक! रॅक मागच्या ऍक्सलच्या 1.6 मीटर मागे, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3.35, म्हणजे तिथले 95 किलो मागच्या ऍक्सलवर 140 होऊन बसतात आणि पुढचे 45 उचलले जातात. स्टिअरिंग हलकं झाल्यासारखं का वाटत होतं ते तेव्हा कळलं.

आता रॅक रिकामा असतो, घरून पाणी 40 लिटरच घेतो (नर्मदेकाठी चाललोय, पाणी काय इंदूरहून न्यायचं) आणि जुन्या बॅटऱ्यांच्या जागी लिथियम बसवली, त्यात 80 किलो वाचले. आता 3,895 वर आहोत.

नुसतं ज्ञान दिलं, काटा कसा करायचा ते नाही, ही तुमची तक्रारही बरोबर. ट्रिपला निघताना असते तशीच भरलेली गाडी, सगळे आपापल्या जागेवर बसलेले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या घ्यायच्या. पहिल्या आणि तिसऱ्याची बेरीज दुसरीशी जवळपास जुळली पाहिजे, नाही जुळली तर काट्याच्या तोंडाशी चढ-उतार आहे, दुसरीकडे करा. तुमच्या ओळखीचे इतके काटे आहेत, भाच्यासोबत तुम्हीच जा ना. त्याची गाडी मात्र सीटा काढून झाल्या की, प्लायची पहिली शीट कापायच्या आधी एकदा रिकामीच तोला. तो आकडा मला इथे कळवा, उरलेल्या किलोंत काय काय बसतं त्याचा हिशोब आपण दोघं मिळून करू.