टॅप ब्लॉकमधलं डेक्सा: सिरिंजमध्ये की शिरेतून? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टिरॉइड टॅप ब्लॉकच्या, म्हणजे पोटाची भिंत बधिर करणाऱ्या इंजेक्शनच्या, औषधात न मिसळता शिरेतून द्या, या माझ्या सल्ल्यामुळे रुग्णाचे वेदनामुक्त तास कमी होतात. ‘मान्यतेबाहेरचा वापर’, म्हणजे ज्या मार्गासाठी औषधाला अधिकृत मान्यता नाही त्या मार्गाने ते देणं, हा नुसता बागुलबुवा आहे. आणि डेक्साच्या जोडीला डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध घातलं तर 24 तास सहज निघतात, मग हात आखडता कशाला घ्यायचा?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. हाताच्या ब्लॉकवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब पाहिला, तर डेक्सा मज्जातंतूजवळ दिलं किंवा शिरेतून दिलं तरी बधिरपणा 6 तासांहून थोडा जास्त लांबतो. दोन्ही मार्गांची थेट तुलना केली, तर मज्जातंतूजवळच्या डेक्साचं पारडं सुमारे 3 तासांनी जड ठरतं. पण हा फरक पोटाला जसाच्या तसा लावता येत नाही. हातात आपण ठळक दिसणाऱ्या मज्जातंतूंना औषधाने वेढतो. टॅपमध्ये समोर असतो तो पोटाच्या आतल्या दोन स्नायूंमधला सपाट थर. त्यात 20 मिलि औषध चादरीसारखं पसरतं, बारीक मज्जातंतू त्या चादरीत कुठेतरी असतात आणि औषध रक्तात झपाट्याने शोषलं जातं. मिसळलेल्या डेक्साचा बराचसा परिणाम शेवटी रक्तातूनच होत असेल, तर तेच 8 मिग्रॅ शिरेतून देणं सरळ आहे. त्यात उलट्यांचा बंदोबस्तही होतो. ब्लॉकमध्ये 8 आणि उलटीसाठी शिरेतून पुन्हा 8, असं नकळत 16 मिग्रॅ देणं मात्र टाळायलाच हवं. शिरेतला डोस भूल चढल्यावर द्या. जाग्या रुग्णाला तो पटकन दिला तर गुप्तांगाभोवती भयंकर आग होते. मधुमेही रुग्णाची साखर पुढचे 24 तास तपासत राहा. जखमेतल्या संसर्गाची भीती तुम्हीही बोलून दाखवली आहे. 8 मिग्रॅच्या एका डोसाने तो वाढत नाही, हे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आणि त्या चाचणीत मधुमेहीही होते.

आता सिरिंजमध्ये काय होतं ते पाहू. डेक्साचं द्रावण अल्कधर्मी असतं आणि रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध आम्लधर्मी द्रावणात असतं. दोन्ही एकत्र केले की मिश्रणाचा सामू चढतो आणि रोपिव्हाकेनचे स्फटिक बनू लागतात. कधी सिरिंज दुधाळ दिसते, कधी स्फटिक इतके बारीक असतात की डोळ्यांना कळतही नाहीत. बुपिव्हाकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाबाबत हा त्रास क्वचितच दिसतो. म्हणून मिसळायचंच असेल तर बुपिव्हाकेनमध्ये मिसळा, सिरिंज उजेडात धरून पाहा आणि भरून ठेवू नका, लगेच वापरा. व्हायलवर (औषधाच्या बाटलीवर) बेन्झिल अल्कोहोल हे परिरक्षक लिहिलेलं असेल तर ती मज्जातंतूजवळ नको. कणदार स्टिरॉइड तर अजिबात नको. ‘मान्यतेबाहेरचा वापर’ असं लिहिण्यामागचं कारण एवढंच आहे. बंदी नाही, पण त्या मार्गासाठी ती व्हायल कुणी तपासलेली नसते. त्यामुळे ती तपासणं, रुग्णाला सांगणं आणि कागदावर नोंदवणं आपल्यावर येतं.

डेक्समेडेटोमिडिन ब्लॉक लांबवतं, यात वाद नाही. ते मज्जातंतूवर थेटही काम करतं, म्हणून ते मिसळण्याला डेक्सापेक्षा जास्त अर्थ आहे. पण त्याची किंमत म्हणजे मंदावलेली नाडी, उतरलेला रक्तदाब आणि गुंगी. डोस 0.5 ते 1 मायक्रोग्रॅम प्रति किलो, आणि तो दोन्ही बाजू मिळून. नेमकी चूक इथेच होते: प्रत्येक बाजूला पूर्ण डोस जातो. 50 किलोच्या रुग्णाला जास्तीत जास्त 50 मायक्रोग्रॅम. 100 मायक्रोग्रॅमची अँप्यूल सलाइनने 10 मिलि करा, त्यातले 5 मिलि घ्या आणि प्रत्येक बाजूच्या सिरिंजमध्ये 2.5 मिलि घालून 20 मिलि पुरे करा. अर्धा मिलि मोठ्या सिरिंजने अंदाजे ओढू नका. लेबलवर पूर्ण नाव लिहा, कारण घाईत ‘डेक्सा’ आणि ‘डेक्समेड’ सारखेच ऐकू येतात. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधं) चालू असलेल्या किंवा हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विद्युत लहरींना अडथळा, असलेल्या रुग्णात मी हे घालणार नाही. ज्या वॉर्डात रात्री दर तासाला नाडी बघणारं कुणी नसतं, तिथेही नाही. दोन्ही औषधं हवीतच असतील तर डेक्सा शिरेतून आणि डेक्समेडेटोमिडिन ब्लॉकमध्ये, ही जोडी मला पटते.

अॅड्रेनॅलिन मिलिलिटरला 5 मायक्रोग्रॅम घातल्याने बुपिव्हाकेनचा वेळ फारसा वाढत नाही, पण त्याची रक्तातली सर्वोच्च पातळी खाली राहते. मिडॅझोलाम आणि केटामिन ब्लॉकमध्ये नकोतच.

तुमच्या उदाहरणातल्या रुग्णाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच थांबावंसं वाटतं. छेद उजव्या बरगडीखाली होता, ब्लॉक कुशीत, बरगड्या आणि कंबरेचं हाड यांच्या मध्ये दिला होता आणि रुग्ण चौथ्या तासाला कळवळू लागला. तुमचा निष्कर्ष असा की डेक्सा मिसळलं असतं तर ही वेळ आली नसती. पण कुशीतून दिलेला टॅप प्रामुख्याने बेंबीखालचा भाग बधिर करतो. बरगडीखालच्या छेदाला बरगडीच्या कडेलगतचा टॅप लागतो. जो मज्जातंतू औषधात भिजलाच नाही, त्याचा बधिरपणा कुठलंही मिश्रण लांबवू शकत नाही. पहिले चार तास बहुधा शस्त्रक्रियेत दिलेल्या ओपिऑइड वेदनाशामकावर निघाले. शिवाय टॅप फक्त पोटाच्या भिंतीचं दुखणं थांबवतो, आतल्या अवयवांचं नाही. सोनोग्राफीत औषध जाताना दोन स्नायू एकमेकांपासून सुटून मध्ये काळी, निमुळती फट उघडली पाहिजे. स्नायूच फुगताना दिसला तर सुई थरात नाही. तिथेच थांबून ती हलवा.

एकूण डोसाचा हिशेबही तुमच्या प्रतिक्रियेत राहिला आहे. 50 किलोला बुपिव्हाकेन 2 मिग्रॅ प्रति किलो या मर्यादेने 100 मिग्रॅ. 0.25 टक्क्याचे 40 मिलि म्हणजे बरोबर 100. त्यावर सर्जनने टाक्यांच्या जागी 0.5 टक्क्याचे 10 मिलि घातले की आणखी 50 मिग्रॅ गेले. म्हणून कातडी शिवण्याआधी सर्जनला विचारा. रक्तातली पातळी साधारण अर्ध्या तासाने शिगेला पोचते, नेमकी रुग्ण बाहेर हलवण्याच्या वेळी. तेव्हा मॉनिटर काढू नका आणि बुपिव्हाकेनच्या विषबाधेवर उतारा म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हाताशी ठेवा: पहिला डोस 1.5 मिलि प्रति किलो.

आणि ब्लॉक कितीही लांबवला तरी तो कधीतरी उतरणारच, बहुतेकदा मध्यरात्री. म्हणून पॅरासिटामॉल दुखायला लागल्यावर नाही, पहिल्यापासून दर 6 तासांनी लिहा: 50 किलोवरच्या प्रौढाला 1 ग्रॅम, त्याखाली 15 मिग्रॅ प्रति किलो. केसपेपरवर ब्लॉकची वेळ ठळक टाका आणि ब्लॉक उतरला तर पुढचं औषध कोणतं व किती, तेही त्याच ओळीत लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला कुणाला उठवावं लागणार नाही.