‘अशी बाई आपल्याकडे नव्हतीच’ म्हणणाऱ्यांना

गुप्त मारेकऱ्यांच्या संघातली तलवारबाज भारतीय नायिका एखाद्या कथेत, कॉमिकमध्ये किंवा गेममध्ये दिसली की एक ठरलेला दावा लगेच फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही कल्पना उसनी आहे. दोनचार राण्या सोडल्या तर आपल्याकडे बायका शस्त्र धरत नव्हत्या. मारेकऱ्यांचे गुप्त पंथ इराणचे नि जपानचे, इथले नव्हेत. तलवार बाईच्या मनगटाला पेलत नाही, आणि साडीत तर लढताच येत नाही. मारेकरी बाई हवीच असेल, तर आपली विषकन्या आहे की! हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मला मनापासून राग येतो. ज्या इतिहासाचा कैवार घेऊन हे बोलतात, तो इतिहास उघडून बघायची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही.

राण्यांपासून सुरुवात करू. चांदबिबी, ताराबाई, भीमाबाई होळकर, लक्ष्मीबाई ही नावं दावा करणारेही घेतात आणि ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवतात. ठीक आहे, ठेवू बाजूला. पण ज्या बायका पगारावर शस्त्र धरत होत्या, त्यांचं काय करायचं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पहिल्याच अधिकरणात, सांगितलंय की राजा झोपेतून उठला की त्याच्याभोवती धनुष्य घेतलेल्या स्त्रियांचा पहारा असावा. मौर्य दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या आधाराने ग्रीक लेखक स्ट्रॅबोने मौर्य राजाच्या शिकारीचं वर्णन केलंय, त्यात सशस्त्र स्त्रिया रथात, घोड्यावर आणि हत्तीवर बसून सोबत निघतात. पंधराव्या शतकात माळव्यातल्या मांडूच्या सुलतान घियासशाहाकडे पाचशे तुर्क आणि पाचशे हबशी स्त्रियांचा पहारा होता, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. अकबराच्या जनानखान्याच्या आतल्या बाजूचा पहारा बायकांकडेच होता, याची नोंद अबुल फजलने करून ठेवली आहे.

आणि खर्डा तर आपल्याच जामखेड तालुक्यातला. 1795 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामाला तिथे हरवलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्या निजामाच्या फौजेत जफर पलटण नावाची बायकांची पलटण होती, कवायती शिस्तीची आणि बंदूकधारी. हे पाठ्यपुस्तकात नसतं. एरवी तिचं काम महालाच्या पहाऱ्याचं, पण त्या मोहिमेत ती खर्ड्यापर्यंत आली होती. या बायका कुठल्या राजघराण्यातल्या नव्हत्या. कथेतल्या नायिकेला एखादी आई किंवा आजी हवी असेल, तर ती अशा पलटणीतून सहज येऊ शकते.

आता गुप्त मारेकरी. आलमूतचा किल्ला इराणचा, मारेकऱ्यांचा तो प्रसिद्ध पंथ तिथला, यात वाद नाही. पण त्यावरून ‘इथे काहीच नव्हतं’ कसं निघतं? अर्थशास्त्रातली गूढपुरुषांची, म्हणजे हेरांची, प्रकरणं वाचून बघावीत. जीव धोक्यात घालून पैशासाठी मारायला तयार असलेला तो तीक्ष्ण, विष घालणारा तो रसद. भिक्षुकीचं, म्हणजे परिव्राजिकेचं, वर्णन तर एखाद्या पात्राची टिपणं असावीत इतकं नेमकं आहे: गरीब, विधवा, धीट, पोटापाण्याच्या शोधात असलेली ब्राह्मणी, जिला अंतःपुरात मान आहे आणि म्हणून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी सहज ये-जा करता येते. छत्री, पंखा, पादुका सांभाळणारे नोकर म्हणून तीक्ष्ण आत शिरलेले असतात, आणि त्यांनी टिपलेली बातमी ही बाई बाहेर आणते. तिला दारात अडवलं, तर दासी, कारागीर बायका, गाणारे-बजावणारे पुढे होतात. गाण्यातून, वाद्यातून, भांड्यात लपवलेल्या चिठ्ठीतून बातमी जाते. या माणसांनी एकमेकांना ओळखता कामा नये, अशी ताकीदही तिथेच आहे. तीन ठिकाणांहून एकच बातमी आली तरच ती खरी धरायची.

याच ग्रंथात राजाने अंतःपुरात सावध का राहावं, हे सांगताना उदाहरणं दिली आहेत. एका राणीने विष माखलेल्या पैंजणाने नवऱ्याला मारलं, दुसरीने कमरपट्ट्यातल्या मण्याने, तिसरीने आरशाने. आणि विदूरथाला त्याच्या राणीने मारलं ते वेणीत लपवलेल्या शस्त्राने. या गोष्टी ऐतिहासिक घटना म्हणून घ्याव्यात, असं मी म्हणत नाही. पण वेणीत पातं लपवणारी बाई ही कल्पना परदेशी म्हणणाऱ्यांनी ती किमान दीड-पावणेदोन हजार वर्षं इथल्या ग्रंथात आहे, एवढं लक्षात घ्यावं. म्हैसूरला ग्रंथपाल शामशास्त्रींच्या हाती 1905 मध्ये अर्थशास्त्राचं हस्तलिखित आलं, 1909 मध्ये ग्रंथ छापून निघाला. तेव्हापासून तो कुणालाही वाचता येतो.

फार जुनं नको असेल तर बंगाल घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरलादेवी चौधुराणी कलकत्त्यात तरुणांसाठी लाठी-तलवारीचा आखाडा चालवत होत्या. अनुशीलन समिती या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेत दीक्षा घेताना गीता आणि तलवार समोर असायची. 14 डिसेंबर 1931 रोजी कोमिल्लात शांती घोष आणि सुनीती चौधरी या शाळकरी मुली पोहण्याच्या स्पर्धेचा अर्ज घेऊन मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. गुप्त संघटना, शपथ, बहाणा, ठरलेलं लक्ष्य, सगळं आहे. हत्यार तेवढं पिस्तूल.

मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. स्वतःचं नाव, खूण आणि गुरुपरंपरा असलेला फक्त स्त्री-मारेकऱ्यांचा कायमचा संघ इतिहासात नोंदलेला नाही. तो लेखकाने रचलेला, आणि तसंच सांगावं. ‘सत्य इतिहासावर आधारित’ असा शिक्का मारणारे लेखक या दाव्याला आयतं खाद्य पुरवतात.

मनगटाच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तो मांडणाऱ्याने पट्टा जवळून पाहिलेला नसतो. आपल्या दांडपट्ट्याला कोपराकडे येणारा लोखंडी खोबळा असतो. हात आत घालायचा, आतली आडवी दांडी मुठीत धरायची, की मनगट जखडलंच. त्यामुळे वार मनगटातून निघतच नाही. तो पायाच्या पवित्र्यातून उठतो, कमरेतून फिरतो आणि खांद्यातून पात्यात जातो. पातं लांब आणि लवचीक, दोन्ही बाजूंनी धार. ते थांबवून पुन्हा उचलायचं नसतं, फिरतं ठेवायचं असतं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात आज मुली हेच करतात, माणसाच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापतात आणि तळहाताला ओरखडाही उठत नाही. हे बळाचं काम नाहीच, अंतराच्या अंदाजाचं आहे. साधी तलवार घेतली तरी तिचं वजन साधारण किलोभर. विहिरीवरून भरली घागर आणणाऱ्या हातांना ती पेलणार नाही, हे कुणी ठरवलं?

साडीचं उत्तर लहान आहे. काष्टा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे होतात. त्यात बायका घोड्यावर बसल्या आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि दावा करणाऱ्यांना ती सुचलेलीच नाही: चोरून मारायला तलवार हे वाईट हत्यार आहे. ती लपत नाही, तिला जागा लागते, आणि ती उपसलेली लगेच दिसते. त्यामुळे नायिकेने आत जाताना कट्यार किंवा बिचवा न्यावा. तलवार हवी ती काम फसल्यावर, जिन्यात चारजण आडवे आल्यावर, बाहेर पडण्यासाठी. केरळची कमरेला गुंडाळता येणारी लवचीक तलवार, उरुमी, हा एक मधला मार्ग. उत्तर मलबारच्या वीरगीतांतली नायिका उण्णियार्चा तीच घेऊन लढते. पण अरुंद बोळात उरुमी चालवली तर चालवणारीच आधी जखमी होईल. लेखकांनी एवढा विचार जरूर करावा.

राहिली विषकन्या. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकात नंदांचा अमात्य राक्षस तिला चंद्रगुप्तावर पाठवतो आणि चाणक्य तिला चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याच्याकडे वळवतो. ती रंगमंचावर येत नाही, बोलत नाही; तिला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. दोन मुत्सद्द्यांनी एकमेकांवर टाकलेला तो डाव आहे. तिला ‘आपली’ म्हणून पुढे करणाऱ्यांना बाई मारेकरी चालते, फक्त तिच्या हातात काही नसलं पाहिजे, असा माझा स्पष्ट समज झाला आहे. मला वाचायची आहे ती बाई वेगळी. हुकूम कानावर पडल्यावर ‘कुणाला, आणि का?’ असं विचारणारी, आणि उत्तर पटलं नाही तर पट्टा खुंटीवरून न काढणारी.